विल्बर राइट आणि पंखांचे कापड



गतवर्षी शाळेतील शिवणाचा वर्ग मुलग्यांनाही खुला झाल्याचे मी आठवीच्या वर्गात सांगितले, तेव्हा जो हशा पिकला तो अजून माझ्या कानांत आहे. मोठेपणी वैमानिक होणार असे नेहमी सांगणारा एक विद्यार्थी त्या हसण्यात सर्वांच्या पुढे होता. सुईदोरा हे आपल्या बहिणीचे काम, आपले नव्हे, असा त्याचा एकूण अभिप्राय दिसला. मी रागावलो नाही. तास इतिहासाचा होता, तरी पुस्तक मिटून मी त्यांना विल्बर राइटची कथा सांगू लागलो. ती अर्ध्यावर आली आणि घंटा झाली. राहिलेली कथा केव्हा सांगणार, असे मला पुढे दोनतीनदा विचारण्यात आले. त्यांत तो विद्यार्थीही होता. म्हणून ती संपूर्ण कथा या अंकात देत आहे.

विल्बर राइटचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना संस्थानात, मिलव्हिल गावानजीकच्या एका शेतावर झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक असून पुढे बिशप झाले. त्यांच्या कामामुळे कुटुंबास वारंवार गाव बदलावे लागे. परंतु ओहायो संस्थानातील डेटन हेच त्यांचे खरे घर ठरले. विल्बरहून चार वर्षांनी धाकटा ऑरव्हिल आणि त्याहून तीन वर्षांनी धाकटी कॅथरिन यांचे जन्म याच शहरी झाले. दोन वडील भाऊ आणखी होते. घरात ग्रंथ पुष्कळ होते, आणि मुलांनी कोणतेही पुस्तक वाचण्यास मज्जाव नव्हता. वडील प्रवासाला गेले की घरी काहीतरी घेऊन येत. १८७८ साली त्यांनी बूच, वेळू आणि कागद यांचे एक खेळणे आणले. रबरी पट्टी पिळून सोडली की ते छताकडे झेपावत असे. दोघा भावांनी ते मोडेपर्यंत उडविले आणि मोडल्यावर तसेच दुसरे बनविले.

हातांतील कसब मात्र या मुलांना वडिलांकडून आले नाही. बिशपमहाशयांस खिळाही धड ठोकता येत नसे, असे त्यांच्या चरित्रकारांच्या लिहिण्यावरून वाटते. ते कसब आईचे. सुसान राइट ही गाड्या बनविणाऱ्या एका जर्मन कारागिराची कन्या. बापाच्या कारखान्यात तिने हत्यारे हाताळली होती. घरातील लहानसहान उपकरणे ती स्वतः तयार करी, मुलांची खेळणी बनवी, आणि काही मोडले की मुले आईकडेच धावत. कोणते काम पुरुषाचे आणि कोणते बाईचे याची वाटणी त्या घरात फारशी काटेकोर नव्हती, हे पुढील कथेसाठी ध्यानी ठेवावे.

विल्बर शाळेत हुशार होता. व्यायामपटू होता. येल विद्यापीठात जाऊन त्याने अध्यापक व्हावे, असे घरी बोलले जात होते. परंतु १८८५-८६ च्या हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यावर काठ्यांनी चेंडू टोलविण्याचा खेळ चालू असता दुसऱ्या मुलाची काठी त्याच्या तोंडावर बसली. समोरचे दात गेले. जखम भरली, पण मन भरले नाही. हृदयाची धडधड आणि अपचन यांचा त्रास सुरू झाला, आणि अठरा वर्षांचा तो तरुण घरात बसला. विद्यापीठाचा विषय मागे पडला. त्याच सुमारास आईस क्षयाने घेरले होते. बाकीची भावंडे शाळेत अगर आपापल्या उद्योगात. म्हणून आईची शुश्रूषा विल्बरकडे आली. सकाळी तो तिला उचलून जिन्यावरून खाली आणी आणि रात्री पुन्हा वर नेई. उरलेल्या वेळात वाचीत बसे. अशी तीन वर्षे गेली. ४ जुलै १८८९ रोजी आई निवर्तली.

ही तीन वर्षे वाया गेली असे त्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. मला तसे वाटत नाही. मॅट्रिकनंतर एखादे वर्ष घरी बसावे लागले म्हणून कपाळाला हात लावणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना मी विल्बरच्या त्या तीन वर्षांविषयी सांगतो. पुढे माणसांच्या थट्टेस न जुमानता एकाच प्रश्नापाशी महिनोन्महिने बसण्याची जी शक्ती त्याच्या ठायी दिसली, ती त्या आजारी खोलीतच त्यास लाभली असावी.

त्याच वर्षी तो बाहेर पडला. ऑरव्हिलने छापखाना काढला होता, त्यात भागीदार झाला. दोघांनी एक लहानसे वृत्तपत्र चालविले. १८९२ साली सायकलींचे दुकान थाटले, आणि १८९६ पासून स्वतःच्या सायकली बनवू लागले. धंदा बरा चालला. त्याच १८९६ साली ऑगस्ट महिन्यात ओट्टो लिलिएंथाल हा जर्मन संशोधक आपल्या पंखांसह टेकडीवरून तरंगताना कोसळून मरण पावला, आणि त्याच सुमारास ऑरव्हिल विषमज्वराने अंथरुणास खिळला. काही दिवस त्याच्या जगण्याची आशा नव्हती. विल्बर आणि कॅथरिन आळीपाळीने उशाशी बसत. लिलिएंथालच्या मृत्यूने विल्बरच्या मनात जुना प्रश्न जागा केला. माणसास उडता येईल काय, एवढाच तो प्रश्न नव्हता. हवेत गेल्यावर तोल कसा राखावा, हा त्याचा खरा प्रश्न होता. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस पत्र लिहून या विषयावरील वाङ्मय मागविले.

त्याच उन्हाळ्यात दुकानात एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सायकलच्या आतल्या ट्यूबची रिकामी पुठ्ठ्याची पेटी त्याच्या हातात होती. दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी पिळली असता पेटी मोडत नाही, एका बाजूस वर आणि दुसऱ्या बाजूस खाली कलते, हे त्याच्या लक्षात आले. पक्षीही आपल्या पंखांची टोके अशीच पिळतात. एकावर एक असे दोन पंख दोऱ्यांनी जोडून, दोरीने ते पिळता आले तर? पाच फुटी पतंग करून त्याने ते आजमावले. पतंग त्याच्या आज्ञेप्रमाणे कलला.

आता माणूस वाहून नेणारा पतंग हवा होता, आणि तो उडविण्यास वाऱ्याची जागा हवी होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर किटी हॉक नावाची वाळूची, तुरळक वस्तीची पट्टी आहे. तेथून टेट नावाच्या गृहस्थाचे अगत्याचे उत्तर आले. सप्टेंबर १९०० मध्ये विल्बर एकटाच निघाला. पंखांच्या मुख्य वाशांसाठी अठरा फूट लांबीचे स्प्रूसचे लाकूड वाटेत मिळेल, अशी त्याची कल्पना होती. नॉरफोक शहरी शोधले. मिळाले ते सोळा फुटी पाइनचे. तेच घेतले. एलिझाबेथ सिटीहून पुढे एका जीर्ण शिडाच्या होडीतून जाताना वादळ झाले, शिडे आपल्या काठ्यांवरून सुटली, होडीत पाणी भरू लागले. होडीवरील अन्न त्यास खाववेना. कॅथरिनने सामानात मुरंब्याची एक बरणी ठेवली होती, तेवढीच पोटात गेली. १३ सप्टेंबर रोजी भुकेने थकलेला तो टेटच्या दारी पोहोचला. टेटच्या पत्नीने त्यास जेवू घातले. त्याने एकच विनंती केली, ती अशी की रोज सकाळी आपल्या खोलीत उकळलेल्या पाण्याचे एक भांडे ठेवावे. कारण भावाचा विषमज्वर तो विसरला नव्हता.

वासे दोन फुटांनी आखूड आले, म्हणजे पंख आखूड झाले. म्हणजे डेटनहून शिवून आणलेले कापड आता मोठे झाले! दुसरा कोणी असता तर त्याने जास्तीचे कापड दुमडून खिळे मारले असते. परंतु पंखावर सैल कापड चालत नाही. सैल कापड वाऱ्यात फुगते, फडफडते, आणि पंखाचा मोजून दिलेला आकार नाहीसा होतो. विल्बरने टेटबाईंचे शिवणयंत्र मागून घेतले, ते अंगणात ठेवले, उसवणी केली, कापड नव्याने बेतले आणि पुन्हा शिवून काढले. गावचे कोळी आणि खलाशी येऊन पाहत. कॉलर आणि टाय घातलेला शहरी गृहस्थ बाईच्या यंत्रावर पांढरे सॅटीन शिवीत बसला आहे, या दृश्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल! परंतु शिडे शिवणे हे ज्यांच्या नेहमीच्या पाहण्यातले, अशा माणसांना ते इतके हास्यास्पद वाटले नसावे. मांडवीवर शिडाची गलबते चालत तेव्हा आमच्या गोव्यातील तांडेलही शिडाचा फाटलेला पदर स्वतःच शिवीत असे. घरी कोकणीत आम्ही ज्याला शिंवप म्हणतो, ते त्याच्या लेखी पौरुषास कमीपणा आणणारे नव्हते.

ऑरव्हिल मागाहून येऊन मिळाला. त्या ग्लायडरला एकंदर खर्च पंधरा डॉलर आला. विल्बरला प्रत्यक्ष हवेत राहण्यास मिळाली ती सर्व उड्डाणे मिळून सुमारे दोन मिनिटे. निघताना त्यांनी ते यंत्र टेकडीवर सोडून दिले. टेटबाईंनी त्याचे सॅटीन काढून धुतले आणि आपल्या दोन मुलींसाठी त्याचे झगे शिवले.

१९०१ सालचा दुसरा ग्लायडर मोठा होता, पण तो अपेक्षेप्रमाणे उचलेना. घरी परतताना विल्बर इतका निराश झाला होता की, आपल्या हयातीत मनुष्य उडणार नाही असे तो भावास म्हणाला. तरी त्याच हिवाळ्यात दोघांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्यातून पंख्याने वारा सोडला, आणि दोनशेच्या आसपास लहान लहान पंख त्यात ठेवून तपासले. पूर्वसूरींच्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही, असे त्यावरून दिसले. १९०२ चा ग्लायडर या नव्या आकड्यांवर बेतला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॅथरिनने वडिलांना लिहिलेल्या पत्रात घराचे वर्णन आहे. विल्बर तासन् तास शिवणयंत्र चालवीत आहे, ऑरव्हिल जमिनीवर उकिडवा बसून कोठे शिवायचे त्या खुणा करीत आहे, आणि घरात राहण्यास जागाच उरलेली नाही, असा त्याचा आशय आहे. तक्रारीच्या आडून कौतुक डोकावते आहे, हे सांगणे नलगे.

आता या कापडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यास इंग्रजीत मसलिन म्हणत. परंतु त्यावरून ढाक्याची मलमल डोळ्यांपुढे आणू नये. आपल्याकडील चांगल्या प्रतीच्या, दाट विणीच्या मांजरपाटाची कल्पना अधिक जवळची. प्राइड ऑफ द वेस्ट या नावाने ते विकले जाई आणि स्त्रियांची अंतर्वस्त्रे व घरगुती कपडे त्याचे होत. राइट बंधूंनी ते पंखावर सरळ लावले नाही, उरेब लावले. म्हणजे काय, ते आपल्या आईस विचारावे, किंवा असे करावे : हातरुमाल दोन समोरासमोरच्या कडांना धरून ताणावा; तो ताणला जात नाही. मग दोन विरुद्ध कोपरे धरून ताणावे, तो लांबतो. कापडाचा दोरा सरळ ओढला असता पक्का, तिरपा ओढला असता लवचीक. लाकडी वासे आणि फासळ्या यांची चौकट तिरकी होऊ पाहते. तेव्हा पंचेचाळीस अंशांत बसविलेले दोरे कर्णासारखे आड येतात आणि चौकटीस आवरून धरतात. म्हणजे ते कापड केवळ आच्छादन नव्हते, विमानाच्या सांगाड्याचाच तो एक भाग होता. लाकूड वाचले आणि वजन कमी झाले.

दुसरी गोष्ट फासळ्यांची. पंखाला जी कमान असते ती या आडव्या, वाकविलेल्या पट्ट्यांमुळे. कापडात अरुंद, लांब खिसे शिवून त्यांत या फासळ्या सरकविल्या जात. खिसा का? पंखावर हवा केवळ खालून ढकलते असे पुष्कळांस वाटते. पंखाच्या वरच्या बाजूने ती ओढतेही, आणि ती ओढ लहानसहान नसते. वरचे कापड फासळीपासून सुटून फुग्यासारखे वर आले की कमान गेली, आणि कमान गेली की उचल गेली. म्हणून कापड आणि फासळी यांची गाठ पक्की असावी लागते. प्रत्येक टाका हा वैमानिकाच्या जिवाचा जामीनदार होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

१९०३ साली इंजिन आले. दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने ते बनविले. पंख टोकापासून टोकापर्यंत चाळीस फूट चार इंच, त्यांवर वरूनही व खालूनही तेच मसलिन. १४ डिसेंबरला नाणे उडवून विल्बरची पाळी आली. त्याने यंत्राचे नाक फार वर केले आणि साडेतीन सेकंदांत ते वाळूत आपटले. १७ डिसेंबरचा दिवस तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलाच आहे. सकाळी ऑरव्हिल बारा सेकंद उडाला, एकशेवीस फूट. चौथे उड्डाण विल्बरचे : एकोणसाठ सेकंद, आठशे बावन्न फूट. मंडळी उभी राहून बोलत असता वाऱ्याचा एक झोत आला आणि विमान उलटेपालटे होत गेले. त्यास धरू पाहणारा किनाऱ्यावरील एक रक्षकही त्यात गुंडाळला गेला आणि सुदैवाने थोड्या खरचटण्यावर सुटला. ते विमान पुन्हा कधी उडाले नाही.

यानंतर डेटनजवळच्या एका कुरणावर दोन वर्षे काम चालले, आणि ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर एकाच उड्डाणात एकोणचाळीस मिनिटे हवेत राहून चोवीस मैल गेला. मग दोघांनी उडणेच थांबविले. एकस्व हाती आल्यावाचून आणि खरेदीचा करार झाल्यावाचून आपले यंत्र उघडे करावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. तो शहाणपणाचा होता की अतिसावधपणाचा, यावर आजही वाद होऊ शकेल. परिणाम असा झाला की, युरोपात आणि विशेषतः फ्रान्समध्ये हे दोघे भाऊ बढाईखोर आहेत असे पुष्कळ लोक उघड बोलू लागले. फ्रेंच संशोधक स्वतः उडत होते, थोडे का होईना पण लोकांसमोर. राइट बंधूंपाशी कागद होते, विमान दिसत नव्हते. अखेर १९०८ च्या आरंभी अमेरिकेच्या लष्कराशी आणि एका फ्रेंच मंडळाशी करार झाले. ऑरव्हिलने वॉशिंग्टननजीक उडावे, विल्बरने फ्रान्समध्ये, असे ठरले.

फ्रान्ससाठी तयार केलेले विमान आदल्या वर्षीच पेट्यांत भरून पाठविले होते आणि ते ल हाव्र बंदरात पडून होते. जून १९०८ मध्ये ल मान शहरी लेओं बोले या मोटार-कारखानदाराने आपल्या कारखान्याचा एक भाग विल्बरला वापरण्यास दिला. पेट्या तेथे आणून उघडल्या.

आत जे दिसले त्याने तो हादरला. दहाबारा फासळ्या मोडल्या होत्या. कापड जागोजागी फाटले होते. रेडिएटर चेपले होते, आसने तुटली होती, आस वाकले होते. सर्व सामान एकमेकांत कोंबलेले. त्या रागाच्या भरात त्याने भावास अत्यंत कडक पत्र लिहून नीट बांधाबांध न केल्याचा ठपका ठेवला. वस्तुतः ऑरव्हिलचा त्यात दोष नव्हता. बंदरावरील जकातीच्या अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी पेट्या उघडल्या आणि मग माल कसाबसा परत भरला, असे पुढे उघड झाले. विल्बर हा थोर पुरुष होता, परंतु त्या दिवशी तो आपल्या भावाशी न्यायाने वागला नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. ज्याच्यावर आपला सर्वांत अधिक भरवसा, त्याच्यावरच आपण आधी डाफरतो, हे घरोघरचे आहे.

त्याची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. परदेश, भाषा येत नाही. मदतीस दिलेल्या माणसांना इंग्रजी जेमतेम कळते. बाहेर वृत्तपत्रांचे बातमीदार रोज विचारतात की उड्डाण केव्हा. काही महिन्यांत करार पुरा न झाला तर पैसाही जाणार आणि अब्रूही. आणि समोर फाटक्या कापडाचा ढीग. विल्बरने कोट काढला आणि कारखान्यातील कामगारांसारखे कपडे चढविले. कारखान्याचा भोंगा वाजला की तो कामास लागे, जेवणाच्या भोंग्याला थांबे, सायंकाळच्या भोंग्यापर्यंत राबे. बोलेच्या कामगारांना याचे मोठे नवल वाटे आणि त्यांच्या मनात त्याच्याविषयी आदर उत्पन्न झाला. नव्या फासळ्या घडविणे, तारा ताणणे आणि कापडाचे पट्टे पुन्हा शिवणे, यांतील बहुतेक काम त्याने स्वतःच्या हातांनी केले. कारण काय हवे ते शब्दांत समजावून देणे त्यास अशक्यप्राय झाले होते. सुईने आणि तारेने त्याचे हात सोलवटून निघाले. ४ जुलैला, म्हणजे बरोबर आईच्या पुण्यतिथीस, इंजिन चालवून पाहत असता एक रबरी नळी सुटली आणि उकळत्या पाण्याने त्याची छाती व डावा हात भाजला. काही दिवस काम मंदावले, पण थांबले नाही.

शनिवार, ८ ऑगस्ट १९०८. ल मानजवळचे हुनोदिएरचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. प्रेक्षक फार नव्हते, पण जाणकार होते. त्यांत लुई ब्लेरिओही होता, ज्याने पुढील वर्षी इंग्लिश खाडी उडत ओलांडली. विल्बर दिवसभर शांतपणे एकेक तार, एकेक सांधा तपासीत राहिला. कोणी घाई केली तरी त्याने ती मानली नाही. सायंकाळी तो आसनावर बसला. मनोऱ्यावरील वजन खाली सुटले, विमान रुळावरून धावले आणि वर गेले. मैदानाच्या टोकाशी झाडे होती. तेथे ते सरळ जाऊन आपटणार असे वाटत असतानाच पंख पिळले, विमान एका अंगावर कलले आणि पक्ष्याच्या सहजतेने वळले. असे कलून वळणे फ्रान्समध्ये कोणी पाहिले नव्हते. दोन फेऱ्या, एक मिनिट पंचेचाळीस सेकंद, आणि तो जेथून निघाला त्याच्या जवळच उतरला. ज्यांनी त्यास खोटा म्हटले होते त्यांतील अनेकांनी जाहीरपणे आपली चूक कबूल केली. हेही मोठ्या मनाचे लक्षण. फ्रेंचांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

पुढील महिन्यात, १७ सप्टेंबरला, वॉशिंग्टनजवळ ऑरव्हिलचे विमान कोसळले. सोबतचा लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावला. विमानापघातात प्राण गमावलेला तो पहिला मनुष्य. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. कॅथरिन डेटनच्या हायस्कुलात लॅटिन शिकवीत असे, म्हणजे आमच्याच व्यवसायातील. ती नोकरी सोडून भावाच्या उशाशी गेली. विल्बरला वाटले, आपण तेथे असतो तर हे घडले नसते. काही दिवस तो उडाला नाही. मग पुन्हा उडू लागला, अधिक वेळ, अधिक उंच. विमानाच्या छपरीतच तो झोपत असे. वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत दोन तास वीस मिनिटे हवेत राहून त्याने मिशलँ पारितोषिक जिंकले.

मानसन्मान, राजेलोकांच्या भेटी, पदके यांचा तपशील मी देत नाही; त्याला स्वतःलाही त्यात रस नव्हता. १९०९ च्या शरदात न्यूयॉर्क येथे त्याने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यास प्रदक्षिणा घातली आणि पुढे हडसन नदीवरून उड्डाण केले, तेव्हा पाण्यात पडल्यास तरंगता यावे म्हणून विमानाच्या पोटाखाली कापडाने मढविलेली एक लाल होडी बांधली होती, एवढे मात्र सांगतो.

त्या वर्षाच्या अखेरीस राइट कंपनी स्थापन झाली. आता पंख शिवण्यास दोन भाऊ पुरेनात. १९१० साली आयडा होल्डग्रीव्ह नावाच्या शिंपिणीने वृत्तपत्रात साध्या शिवणकामासाठी बाई पाहिजे अशी जाहिरात वाचली. इंग्रजीत साधे आणि विमान या अर्थांचे दोन शब्द उच्चाराने एकच आहेत. छापणाऱ्याने एकाऐवजी दुसरा छापला होता! ती गेली, शिकली आणि कित्येक वर्षे विमानांचे पंख शिवीत राहिली.

पहिल्या महायुद्धात हे शास्त्र आणखी पक्के झाले. आयर्लंडचे जवसाच्या धाग्याचे चिवट लिनन पंखावर ताणीत. लांब दाभणात मेण लावलेला दोरा ओवून तो वरच्या कापडातून फासळीच्या कडेने खाली, खालच्या कापडातून फासळीस वळसा घालून पुन्हा वर घेत आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारीत. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटू नये, हे त्यातील मर्म. पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागावर टाके अधिक जवळ घालीत. वरून पट्टी चिकटवून मग एक प्रकारचे रोगण देत. ते सुकताना कापड नगाऱ्याच्या चामड्यासारखे ताठ होई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या पस मॉथ विमानातून कराचीची टपाल घेऊन मुंबईस जुहूला उतरले, त्याचेही पंख कापडाचेच होते.

विल्बरची अखेरची वर्षे मात्र सुखाची नव्हती. एकस्वाचे खटले सुरू झाले. पंखांचा तोल राखण्याची आपली पद्धत इतर लोक न विचारता वापरतात म्हणून दोघे भाऊ न्यायालयात गेले, आणि साक्षी, वकील, कागदपत्रे यांचा भार विल्बरने उचलला. शोधाचे काम बंद पडले. त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते; तथापि ज्या हातांनी पंख शिवावे त्यांनी कज्जांची बाडे उलटीत बसावे, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. तो घरी थकून, पांढराफटक होऊन परते असे भाऊ सांगे. मधे एकच आनंदाचा दिवस आला. दोघे भाऊ एकाच विमानात बसले तर एकाच वेळी दोघेही जातील, म्हणून वडिलांनी त्यांस एकत्र उडण्याची मनाई केली होती; २५ मे १९१० रोजी एकदाच ती उठविली, आणि दोघे एकत्र उडाले. त्याच दिवशी एक्याऐंशी वर्षांचे बिशपही ऑरव्हिलबरोबर वर गेले आणि आणखी वर ने असे सांगू लागले.

१९१२ च्या वसंतात कामानिमित्त बॉस्टनला जाऊन आलेला विल्बर तापाने पडला. तो विषमज्वर होता. बारा वर्षांपूर्वी ज्याने परक्या घरी उकळलेले पाणी मागून घेतले होते, त्यालाच त्या दुखण्याने गाठावे! ३० मे १९१२ च्या पहाटे डेटनमधील आपल्या घरी त्याने देह ठेवला. वय पंचेचाळीस. लग्न त्याने केले नव्हते. त्यास डेटन येथेच आईच्या सान्निध्यात पुरण्यात आले.

पहिल्या विमानाचे पुढे काय झाले, असे वर्गात मला विचारले गेले होते. ते पेट्यांत भरून डेटनला आणले होते. १९१३ च्या महापुरात त्या पेट्या चिखलात बुडाल्या, पण वाचल्या. १९२७ साली ऑरव्हिलने जुने कापड काढून त्याच जातीचे नवे मसलिन चढविले, आणि पुढील वर्षी विमान लंडनच्या संग्रहालयात गेले; १९४८ साली ते अमेरिकेत परतले. १९८५ च्या सुमारास ते पुन्हा एकदा मढविण्यात आले. काढलेले जुने कापड जपून ठेवले होते. त्यातील एक तुकडा १९६९ साली नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर नेऊन परत आणला. टपालाच्या तिकिटाएवढा दुसरा एक तुकडा इन्जेन्युइटी नावाच्या लहानशा हेलिकॉप्टरला बांधून मंगळावर पाठविण्यात आला, आणि १९ एप्रिल २०२१ रोजी ते तेथे उडाले. जानेवारी २०२४ मध्ये त्याची पाती मोडली. ते आता तेथील वाळूवर उभे आहे, आणि विल्बरने शिवलेल्या मसलिनचा तो तुकडाही त्याच्याबरोबर तेथेच आहे.